घरजावयाच्या गाडीवरचा बिल्ला

मी बिल्ला बोलतोय. छातीवर लावायचा नव्हे, हमालाच्या दंडावरचाही नव्हे. मोटारीच्या पाठीवर, डिकीच्या झाकणाच्या उजव्या कोपऱ्यात जो चिकटवतात, तो. अंगावर एक अक्षर, दोन आकडे आणि एक तिरपी लाल रेघ. आता नेमकं काय लिहिलंय, ते मला विचारू नका. मला स्वतःला आजतागायत ते वाचता आलेलं नाही. आपलं कपाळ आपल्याला कधी वाचता येतं का? त्यातून माझी शाळा झालेली नाही. लोक मागे येऊन उभे राहतात, वाचतात, भुवया चढवतात, कुणी शिट्टी मारतं. त्यावरून मी ताडलं की काहीतरी मोठंच असणार.

दुसरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मला पुढचं दिसत नाही. गाडी कुठं चाललीय ते मला कधी कळलं नाही, कुठून निघाली ते मात्र बरोबर कळायचं. मागे येणाऱ्यांची तोंडं बघण्यात माझा जन्म गेला. माणसाचं खरं तोंड बघायचं असेल ना, तर तो दुसऱ्याच्या गाडीमागे अडकलेला असताना बघावं. आरशात बघतो ते तोंड निराळं.

माझा जन्म सर्बियाच्या दक्षिणेकडच्या एका गावात, जीनच्या पँटींची बटणं पाडायच्या शेडमध्ये झाला. सकाळी बटणं, दुपारी आम्ही. प्लास्टिक वितळवायचं, साच्यात ओतायचं, वरून चांदीसारखी चकाकी मारायची, पाठीला दुहेरी चिकटपट्टी लावायची, की झालं. आईबाप म्हणाल तर तो साचा. एका साच्यातून आम्ही इतके भाऊ निघालो की त्या देशात तसल्या अस्सल गाड्या तरी तेवढ्या असतील का, अशी मला पहिल्या दिवसापासून शंका आहे.

आणि शंकेबरोबर एक कुतूहलही. आपण ज्याचं सोंग घेतलंय, तो खरा असतो तरी कसा? मोठ्यानं डरकाळी फोडतो? अंगावर सोनं घालतो? शेडमधल्या बायकांना विचारावं तर त्या बटणं मोजत बसलेल्या.

रविवारच्या बाजारात एका घोंगडीवर आम्हाला मांडलं. एका अंगाला गिअरच्या मुठी, दुसऱ्या अंगाला गाडीत काचेजवळ चिकटवायचे संत निकोला. मधे आम्ही. तिथं रादिशा आला. तिशीतला गडी, लाकडाच्या वखारीत करवतीवर काम करणारा, कानात अजून भुसा.

"इंजिन केवढं?" विकणाऱ्यानं विचारलं.

"सोळाशेचं."

"मग हा घे. सगळ्यात मोठा."

"एवढा? लोक हसतील रे."

"लहान घेतलास तर लोकांना खरं वाटेल. खरं वाटलं की कोण वळून बघतंय? मोठा घे. हसतील, पण वळून बघतील."

रादिशानं मला उचललं, अंगठ्यानं पुसलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं. असा मी विकला गेलो.

गाडी बाहेर उभी नव्हती. ती स्रेचकोकडे होती. स्रेचको म्हणजे डेंटिंग-पेंटिंगवाला, जुन्या दूधसंकलन केंद्रात त्याचं दुकान. दुधाचा वास कधीच गेला होता, आता राळेचा आणि रंगाचा. ती गाडी मूळची जर्मन, चार दारांची, गरीब स्वभावाची. आधी जर्मनीत एका औषधवाल्या म्हातारीकडे होती. म्हातारी तिला चर्चला आणि भावाच्या घरी न्यायची, बस्स. अशा सालस बाईला स्रेचकोनं पार तमाशात उभी केली. पुढं फायबरचा नवा बंपर, त्याला वाघाच्या जबड्यासारखी भोकं. बाजूंना पट्ट्या. डिकीवर फळी, त्यांच्या भाषेत तिला पंख म्हणतात. स्प्रिंगा कापून गाडी चार बोटं खाली बसवली. चाकं रुंद. मागे सायलेन्सरला चार चकचकीत नळ्या. त्यांतल्या एकीतूनच धूर यायचा, बाकीच्या तीन नुसत्या स्क्रूनं कसलेल्या.

"स्रेचको, इंजिनाचं काही करता येईल का रे?" रादिशानं विचारलं.

"इंजिन झाकणाखाली असतं बाबा. त्याला कोण बघतंय?"

"चढावर मरते ही."

"मग चढावर जाऊ नकोस. सपाटीवर गाव थोडं आहे का?"

मग त्यानं घरच्या राकियात बोळा बुडवला, डिकीचा कोपरा पुसला, उरलेली स्वतः प्याला आणि मला दाबून बसवलं. आलुबुखाऱ्याच्या त्या दारूचा वास माझ्या पाठीला पहिला लागला. बोळ्याला लागली तेवढीच काय ती मला मिळाली.

आता घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

रादिशा घरजावई. नदीपलीकडच्या गावातला, भाऊ पुष्कळ, जमीन चिमूटभर. त्याची बायको स्तानोयका आपल्या बापाच्या घरी, आणि हाही तिथंच. त्या मुलखात पुरुष सासरी राहायला गेला की त्याचं नावच पुसलं जातं. गावात त्याला कुणी रादिशा म्हणत नसे. 'ग्वोझदेनचा जावई' म्हणत, आणि तो पुढं गेला की एकमेकांना कोपर मारत.

ग्वोझदेन म्हणजे सासरा. भुवया दाट, आवाज खरखरीत, शब्द कमी आणि तेही टोचणारे. फाटकावर नाव त्याचं, विहीर त्याची, आलुबुखाऱ्याची बाग त्याची. मुलगा मोमीर शहरात कामाला, त्यामुळे शेताचं, गुरांचं सगळं रादिशाच करायचा. पण जेवायच्या टेबलावर ग्वोझदेन राकिया ओतायचा ती आधी पाहुण्यांना, मग शेजाऱ्याला, मग स्वतःला, आणि उरली तर रादिशाला. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. उन्हाळ्यात टेबल अंगणात असायचं आणि गाडी टेबलाकडे पाठ करून लावायचे.

गाडी पहिल्यांदा अंगणात आली तेव्हा म्हातारा भोवती एक फेरी मारून माझ्यासमोर येऊन थांबला.

"हे काय?"

"गाडी आहे, बाबा."

"गाडी कालपण होती. आज तिला झालंय काय?"

"सजवलीय जरा."

"लग्न कुणाशी लावतोस तिचं?" एवढं बोलून म्हातारा कोंबड्यांकडे गेला.

त्या संध्याकाळी रादिशा मला फडक्यानं पुसत होता. स्तानोयका बादली घेऊन आली. "कशाला केलंस रे हे सगळं?" तिनं विचारलं. रागानं नव्हे, खरंच कळत नव्हतं म्हणून.

"ह्या अंगणातली कोंबडीसुद्धा तुझ्या बापाची आहे," तो म्हणाला. "माझं म्हणावं असं एवढंच. मग ते जरा मोठं दिसलं तर कुणाचं काय जातं?"

तिनं दुसरं फडकं घेतलं आणि काच पुसायला लागली.

मला शेजारी मिळाले तेही त्याच उन्हाळ्यात. त्या तीन कोरड्या नळ्यांपैकी डावीकडच्या नळीत गांधीलमाश्यांनी घर केलं. बागेत आलुबुखारे पिकत होते, माश्यांची दिवसभर ये-जा. गाडी वखारीत जायची तेव्हा काही जणी घरी राहून जायच्या आणि संध्याकाळी वाट बघत अंगणात घिरट्या घालायच्या. चांगल्या शेजारणी. मला तेवढाच विरंगुळा.

सप्टेंबरात मोमीरचं लग्न ठरलं. मुलगी ल्युबिन्का, वेत्रनिकच्या डोंगरापलीकडची.

त्यांच्याकडे वऱ्हाड नवरीला आणायला जातं तेव्हा सगळ्यांत पुढे झेंडा चालतो. काठीला झेंडा, टोकाला सफरचंद, आणि तो धरायचा मान नवऱ्याच्या बहिणीच्या नवऱ्याचा. म्हणजे रादिशाचा. झेंड्याला कुणी ओलांडून जायचं नाही, ओलांडलं तर संसार बिघडतो. आणि गेल्या वाटेनं परत यायचं नाही, आलं तर नवरीसुद्धा एक दिवस त्याच वाटेनं माहेरी परत जाते म्हणतात. खरंखोटं मला माहीत नाही, मी प्लास्टिकचा. पण ती माणसं ह्या दोन गोष्टींवरून डोकी फोडतील, एवढं मी पाहिलंय.

लग्नाच्या आदल्या दिवशी व्हिएन्नाहून वेलिबोर आला. ग्वोझदेनच्या भावाचा मुलगा, तिकडे बांधकामाची कंत्राटं घेतो. गाडी अगदी साधी, राखाडी. आमच्याच जातीची, आमच्याच अंगाची. पण ना पंख, ना जबडा. दारातून आत शिरताना तिनं जी हळू घरघर केली, तिनं माझी चिकटपट्टी थरथरली.

वेलिबोरनं गाडी वळवून लावली, तशी तिची पाठ माझ्यासमोर आली. डिकीचं झाकण, उजवा कोपरा. तिथं बिल्ला नव्हता. बरोब्बर माझ्याएवढा, माझ्याच आकाराचा एक फिकट डाग होता.

तेव्हा मला कळलं. हाच तो. ज्याचं सोंग मी घेतलं होतं, तो हा. आणि ह्यानं आपला बिल्ला उपटून टाकला होता! आयुष्यभर ज्याच्याविषयी विचारत होतो तो समोर आला, तर उत्तराऐवजी आणखी एक प्रश्न घेऊन.

"वेलिबोर, नाव का रे काढलंस गाडीवरचं?" रादिशानंच विचारलं. नजर त्या डागावर खिळलेली.

"काय सांगू दाजी, नाव असलं की चोर मागे लागतात. चोर नसले तर पोलीस. आणि कामगार मजुरी वाढवून मागतात ते वेगळंच. काढलं, आता शांत झोप लागते."

ग्वोझदेन बाकावर अक्रोड फोडत बसला होता. "एकानं नसलेलं चिकटवलं, एकानं असलेलं उपटलं," तो म्हणाला. "सरळ एक नाही."

मग तो पुतण्याकडे वळला. "उद्या तूच हो पुढे. झेंडा तुझ्या गाडीत. ही रंगवलेली नको."

"काका, मान दाजींचा आहे," वेलिबोर म्हणाला. "आणि नवरी माझ्या गाडीत यायची ठरलीय ना."

ग्वोझदेननं अक्रोडाची टरफलं झटकली. रीत मोडणं त्याच्यानं होणार नव्हतं. तो उठून रादिशासमोर आला, आणि मला वाटतं अंगणातल्या सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच मोठ्यानं बोलला.

"ऐक, जावई. रीत आहे म्हणून झेंडा तुझा. पुढे घेऊन घरी आलास, तर ह्या घरातला. वाटेत कुणी तुला ओलांडून गेलं, तर उद्यापासून माझ्या टेबलाशी बसायचं नाही. तुझी चूल वेगळी मांड, कुठं मांडायची तिथं."

स्तानोयका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातला झारा तसाच राहिला.

रादिशा मूर्ख नव्हता. त्यानं बेत बरोबर आखला होता. नवरीच्या गावाला वाटा दोन. एक नदीकाठची, सपाट, डांबरी. दुसरी वेत्रनिकच्या घाटातून. आपल्या बाजूनं घाट सौम्य, पलीकडून मात्र अंगावर येणारा. तेव्हा जाताना घाटानं जायचं, येताना नदीकाठानं. जाताना नवरी नाही, घाई नाही. येताना सपाटी. गाडीची अब्रू झाकलेली राहणार.

सकाळी निघालो. रादिशाचा डावा हात खिडकीबाहेर, हातात झेंडा. उजवा हात चाकावर. मग गिअर कोण टाकणार? शेजारी बसलेली स्तानोयका. क्लच ह्याच्या पायाखाली, गिअर तिच्या हातात. मागच्या बाकावर ग्वोझदेन, "झेंड्यावर नजर ठेवायला" म्हणून, आणि त्याच्याजवळ अकॉर्डियनवाला बुदिमीर, जो एकटाच दीड माणसाची जागा घेतो. मागे वेलिबोरची राखाडी गाडी, तिच्यामागे मोमीर आणि बाकीचं वऱ्हाड. सगळे हॉर्न वाजवत, खिडक्यांतून रुमाल हलवत.

दुफाट्यावर आलो. घाटाची वाट डावीकडे. पण उजवीकडे, नदीच्या वाटेवर, कॉफीच्या दुकानासमोर सगळा बाजार गोळा झालेला, हे पुढं गेल्यावर मला दिसलं. वखारीतले सोबती, स्रेचको, कोपर मारणारे सगळे. कुणीतरी ओरडलं, "अरे, रादिशा येतोय बघा!"

ग्वोझदेनचा जावई नव्हे. रादिशा.

गाडी उजवीकडे वळली.

"अरे, घाटानं जायचं ठरलं होतं ना!" आतून स्तानोयकाचा आवाज.

"नुसतं दुकानापर्यंत जाऊन वळू."

"झेंडा घेऊन वळतात का कधी? बाबा, सांगा ना ह्याला."

मागच्या बाकावरून काही आवाज आला नाही. म्हातारा गप्प होता. आणि एव्हाना वळणं शक्यच नव्हतं, मागे सगळं वऱ्हाड नाचत, वाजवत त्याच वाटेला लागलं होतं. दुकानासमोरून जाताना मी सगळ्यांची तोंडं पाहिली. वळून बघत होते. विकणारा खरं बोलला होता, कुणी हसत होतं, पण वळून सगळे बघत होते. ती एवढी घटका त्या गड्याची खरी. त्याची किंमत परतताना द्यायची होती.

नवरीच्या घरी रीतीप्रमाणे सगळं झालं. मोमीरनं उंच काठीवरचं सफरचंद बंदुकीनं पाडलं, मग दार उघडलं. ल्युबिन्काचे भाऊ आमच्या गाडीभोवती जमले. "दाजी, किती घोडे आहेत हिच्यात?" एकानं मला वाचून विचारलं.

"पुरतील तेवढे," रादिशा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि नजर डोंगराकडे. ग्वोझदेन जवळच उभा राहून मिशी चोळत होता.

परतीला आता घाटच उरला होता, तोही उभ्या बाजूनं. तो सुरू झाला.

पहिल्या वळणापर्यंत बरं चाललं. मग चढ उभा राहिला. रस्त्यावर मुरूम टाकलेला, आणि आमचा तो चार बोटं खाली बसलेला वाघाचा जबडा मुरूम खात चालला. रुंद चाकं, फळी, पट्ट्या, बुदिमीर. त्या औषधवाल्या म्हातारीच्या गरीब इंजिनानं काय काय ओढावं?

"दुसरा!" रादिशा ओरडायचा.

"टाकला!"

"पहिला!"

"पहिलाच आहे! ह्याच्या खाली काही नाही आता!"

मला मागचं दिसत होतं. राखाडी गाडी माझ्यापासून हातभर अंतरावर. काचेमागे वेलिबोर, शेजारी नवरी. ल्युबिन्का आधी कंटाळली, मग तिनं डोक्यावरचा फुलांचा गजरा काढून मांडीवर ठेवला, मग पर्समधून काढून काहीतरी खायला लागली. वेलिबोरचं तोंड मात्र बघण्यासारखं झालेलं. त्याच्या त्या जनावराला रांगायची सवय नव्हती. ते थांबायचं, हुंकार द्यायचं, पुन्हा थांबायचं. पायाखाली एवढी ताकद असून माणूस एका प्लास्टिकच्या पाठीमागे अडकला होता.

हॉर्न सुरू झाले. आता ते लग्नाचे हॉर्न नव्हते.

"दाजी, बाजूला घ्या!" वेलिबोरनं डोकं बाहेर काढलं. "झेंडा माझ्याकडे द्या, मी नेतो वर! पाद्री चर्चमध्ये वाट बघतोय!"

मागून आणखी कुणीतरी, "अरे, घोडे झोपले काय?"

त्यावर हशा. आणि त्या हशातच आमची गाडी थांबली. जळक्या क्लचचा वास माझ्यापर्यंत आला. हँडब्रेक ओढल्याचा कर्र आवाज. रादिशा झेंडा हातात धरून खाली उतरला. ग्वोझदेनही उतरला. दोघं गाडीच्या मागे, अगदी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"बाबा," रादिशा म्हणाला. आवाज बसलेला. "झेंडा वेलिबोरला द्या. हिच्यानं व्हायचं नाही. ही सोळाशेची आहे. बंपर, पंख, नळ्या, सगळं वरवरचं आहे. हा बिल्लाही खोटा. बाजारातून आणलाय."

मागचे हॉर्न थांबले. बुदिमीरचा अकॉर्डियनसुद्धा.

"मला सांगतोस?" म्हातारा म्हणाला. "उन्हाळाभर तुझ्या सायलेन्सरात गांधीलमाश्या ये-जा करतायत. ज्या नळीतून धूर येतो तिथं कोण बिऱ्हाड करेल रे? मी आंधळा आहे का?"

रादिशानं नळीकडे पाहिलं. खरंच, एक माशी तोंडाशी बसून पाय झटकत होती. बिचारी एवढा प्रवास करून आली होती.

"मग बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्यानं मागे वळून पाहिलं, कोण ऐकतंय ते. मग आवाज खाली आणला. मी अगदी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"काय बोलू? जन्मभर गावाला सांगत आलोय की माझी राकिया दोनदा गाळलेली असते. एकदाच गाळतो. दुसऱ्यांदा गाळायचा कंटाळा येतो. तुझ्या सासूलाही ठाऊक नाही."

रादिशानं झेंड्याची काठी दुसऱ्या हातात घेतली.

"पण सकाळी त्या दुकानाकडे वळलास, ते गाढवपण केलंस," म्हातारा पुन्हा मोठ्यानं खेकसला. "तेव्हाच कान धरणार होतो. मग म्हटलं, बघू दे लोकांना. एकदा तरी त्यांनी तुझं नाव घेतलं."

"झेंड्याचं काय, बाबा?"

"झेंड्याचं काय म्हणजे? झेंडा पुढेच राहील. मागे जायचं नाही, कुणी ओलांडायचं नाही. आता वरच जायचं राहिलंय ना? बस आत. स्तानोयका, गिअर सांभाळ. बुदिमीर, उतर खाली, जन्मात एकदा तरी कामाला ये. आणि वाजव म्हणालो का मी? ढकल!"

त्यानं कोट काढला नाही. तसाच वाकून त्यानं दोन्ही तळवे डिकीवर टेकले. एक तळवा माझ्या बाजूला, आणि तोंड माझ्या तोंडाशी. मी पुष्कळ तोंडं पाहिलीत, पण इतकं जवळून एकही नाही. दाढीचे खुंट, नाकावरची शीर, तोंडाला अक्रोडाचा वास. त्याच्या श्वासानं माझ्या चकाकीवर वाफ धरत होती.

"काय लिहिलंय रे ह्याच्यावर?" त्यानं दात खातच विचारलं. बरं वाटलं. मलाही तेच विचारायचं होतं.

वेलिबोर आपल्या व्हिएन्नाच्या बुटांनी मुरमात घसरत आला होता. त्यानं म्हाताऱ्याच्या खांद्याशी खांदा लावला. "काका, ह्याचा अर्थ हिच्यात तीनशे घोडे आहेत."

"तीनशे घोडे नाहीत. पण तीस गाढवं जमलीत इथं. लावा हात!"

आणि लागले की सगळे. मोमीर नव्या सुटात. नवरीचे भाऊ. पंखाला कुणी धरलं तर तो कडकडला, म्हणून मग झाकणावर. वेलिबोरच्या गाडीचं चाक ल्युबिन्कानं हातात घेतलं होतं आणि गजरा मांडीवर ठेवून ती आमच्या मागून हळूहळू राखाडी गाडी वर आणत होती, खिडकीतून ओरडत, "अजून थोडं, मामंजी! अजून थोडं!" तीनशे घोडे तिच्या पायाखाली, आणि पुढे माणसं ढकलतायत. असलं वऱ्हाड मी पुन्हा पाहिलं नाही.

मधे माश्या चिडल्या. एक वेलिबोरच्या मानेवर बसली आणि त्यानं जर्मनमध्ये शिव्या दिल्या. बुदिमीर म्हणाला, "बघा, ह्या बिल्ल्यात खरी आग आहे."

खिंडीत पोचलो तेव्हा गाडी सपाटीला लागली आणि एकदम हलकी होऊन पुढे धावली. म्हाताऱ्याचा तळवा घसरला. चिकटपट्टी आधीच घामानं सुटली होती. मी त्याच्या मुठीत आलो.

त्यानं मूठ उघडून पाहिलं. इकडे तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं, सगळे खिंडीतल्या वाऱ्यात हसत होते, झेंडा फडफडत होता. म्हाताऱ्यानं मला कोटाच्या खिशात टाकलं.

पुढचं मी ऐकून सांगतो. खिशात अंधार, तंबाखू आणि दोन अक्रोड. चर्चची घंटा वाजली. पाद्री उशिराबद्दल कुरकुरला आणि त्याला कुणीतरी काहीतरी सांगून हसवलं. मग अंगण, टेबलं, अकॉर्डियन. मग बाटलीचं बूच निघाल्याचा आवाज, आणि त्याच्या पोटातून आलेली ती खरखर, थेट माझ्या डोक्यावर:

"आधी झेंडेकऱ्याला. माझ्या रादिशाला."

मग ग्लासला ग्लास लागल्याचा आवाज झाला.

रादिशानं दुसऱ्या दिवशी मला शोधलं. डिकीवर माझा फिकट डाग होता, अगदी वेलिबोरच्या गाडीवर होता तसा. तो त्या डागावर हात फिरवत उभा राहिला. "नवीन आणू?" स्तानोयकानं विचारलं. तो म्हणाला, "राहू दे. असाच बरा दिसतो." बोलणं मी खिशातूनच ऐकलं, बाकीचं ताडलं. म्हाताऱ्यानं मला हातसुद्धा लावला नाही.

हिवाळाभर मी त्या कोटात खुंटीवर लटकलो. वसंतात म्हातारा एक दिवस बागेत गेला, राकियाचा बोळा घेतला, आपल्या जुन्या ट्रॅक्टरच्या मागच्या मडगार्डचा कोपरा पुसला आणि मला तिथं दाबून बसवलं.

रादिशा कुंपण बांधत होता. हातोडा हातात तसाच राहिला. "बाबा, हे काय?"

"मला वाटतं, जरा जोरात पळायला लागलाय."

तेव्हापासून मी इथंच आहे. चकाकी कडेनं उडालीय, लाल रेघ उन्हानं गुलाबी झालीय, एका कोपऱ्याला शेण आहे. त्याबद्दल तक्रार करावी असं वाटतं, पण ऐकणार कोण? वाटेवर लोक ट्रॅक्टर थांबवून विचारतात, "ग्वोझदेन, किती घोडे रे?" म्हातारा मागे न बघता म्हणतो, "पुरतील तेवढे."

परवाची गोष्ट. बागेकडे चढ आहे. म्हातारा पहिल्या गिअरमध्ये धूर सोडत चाललेला, आणि मागे रादिशाची गाडी आली. जबडा अजून आहे, पंखाला तडा गेलाय, तीन नळ्या कोरड्याच आहेत. तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदा दिसली. अख्खा उन्हाळा मी त्याच्या गाडीच्या पाठीवर होतो, गाडी चालवतानाचं त्याचं तोंड मी कधी पाहिलंच नव्हतं. ते आता माझ्यासमोर होतं.

वाट रुंद होती. त्याला ओलांडून जाता आलं असतं. गेला नाही. खिडकीत कोपर टेकवून, कानातला भुसा झाडत, तो आमच्या मागे मागे येत राहिला, आणि मला वाचून त्याच्या ओठांवर जे आलं ते मी हसू म्हणेन.

तर बाबांनो, एखादी गाडी पाठीवर मोठं नाव घेऊन तुमच्यापुढे चढावर रांगताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. चिडूही नका. माझ्यासारखंच कुतूहल ठेवा. आत कोण बसलंय, कुणाच्या टेबलाशी बसायला निघालंय, कोण जाणे. आणि फारच अडली, तर उतरून जरा हात लावा.

माझ्यावर काय लिहिलंय, ते अजून कळलेलं नाही. आता विचारतही नाही. पुढे चढ आहे, एवढं मागच्यांच्या तोंडावरून कळतं.